वीस अंशांचं घर

गुरुवार, १५ जानेवारी २००९.
सकाळी आठला बाहेर दोन अंश, धुकं. माझ्याकडे सतरा. मेस्त्रींकडे पहाटे पाचला सात, अकराला वीस. कौन्सिलचा पाहणी अधिकारी सव्वाअकराला आला, साडेबाराला गेला. तिशीतला मुलगा, मराठी, नाव कुश गुप्ते. शिरा दोनदा घेतला. अलकाचा हॉस्पिटलमधला एकोणिसावा दिवस, ताप नाही. माझे दोन्ही हीटर मेस्त्रींकडे आहेत. संध्याकाळी उशांचे अभ्रे धुतले.

या नोंदीतला एकही आकडा खोटा नाही. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज दहा ओळी लिहायला लावत. तारीख, हवा, घडलेल्या गोष्टी, आणि शेवटी घरातलं एखादं काम. मनातलं काही लिहायचं नाही, ते प्रार्थनेत सांगायचं. ती सवय सुटली नाही. पण त्या गुरुवारी काय झालं ते या दहा ओळी वाचून कोणाला कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय दीनानाथ मेस्त्री हा माणूसही कळणार नाही. म्हणून आज जास्त लिहीत आहे.

इंग्लंडमधल्या मेडनहेडपासून बसने पाऊण तासावर आमचा पार्क आहे. पार्क म्हणजे बाग नाही. कारखान्यात तयार झालेली लाकडी घरं ट्रकवरून आणून ओळीने उभी केलेली ही वसाहत आहे. घराखाली लोखंडी सांगाडा तसाच असतो, भोवती विटांची झालर लावून तो झाकतात. एकूण बेचाळीस घरं, बहुतेक सगळी म्हाताऱ्यांची. माझा नवरा श्रीनिवास गेल्यावर मेडनहेडचं घर मला मोठं झालं, ते विकून २००६ साली मी इथं आले. माझं घर नवं. आदल्याच वर्षी अशा घरांचे नियम कडक झाले होते, त्यामुळे माझ्या भिंतींत वीतभर जाडीचं काहीतरी भरलेलं आहे आणि एका लहान हीटरवर घर दिवसभर उबदार राहतं. येताना आणलेले जुने दोन मोठे हीटर मला कधी लागलेच नाहीत.

मेस्त्रींचं घर माझ्यापासून चाळीस पावलांवर. नऊ नंबर. ते १९७७ सालचं. त्याच्या भिंतीला टेकून बसलं की बाहेर वारा कुठून वाहतोय ते पाठीला कळायचं.

दीनानाथराव सावंतवाडीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळण्यांचं काम. १९६७ साली ते इंग्लंडला आले. हातात कसब होतं आणि इंग्रजी अजिबात नव्हतं, म्हणून हॅम्पशरमधल्या एका कारखान्यात लागले. तिथं हीच घरं बनत. पहिली दोन वर्षं झाडू मारला, मग भिंतींच्या लाइनवर गेले. चौकट उभी करायची, मध्ये ऊब धरणारी काचेची लोकर लावायची, आतून फळी ठोकायची, पुढची भिंत. दिवसाला किती भिंती ते फळ्यावर लिहिलेलं असे. वडिलांकडून आलेली एक सवय मात्र त्यांनी कारखान्यातही सोडली नाही. काम झाकण्याआधी लाकडावर पेन्सिलने बारीक 'श्री' काढायचा. खेळणं असो की भिंत. फोरमनने एकदा विचारलं, हे काय? तेव्हा म्हणाले, "माय सिग्नेचर."

१९९८ साली निवृत्त झाल्यावर ते आणि अलका घर शोधत या पार्कवर आले. नऊ नंबर विकायला होता. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडून त्यांनी आत डोकं घातलं, आणि मागच्या फळीच्या कडेला त्यांना स्वतःचा 'श्री' दिसला. एकवीस वर्षांपूर्वीचा. अलका सांगायची, "तिथं पाइपाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, अगो, हे आपलंच घर! मी म्हटलं, अजून घेतलं कुठंय? तर म्हणतात, मी बांधलंय म्हणजे आपलंच." त्यांनी दुसरं घर बघितलंच नाही.

अलकाची छाती जुनी दुखरी होती. दर हिवाळ्यात खोकला धरायचा. त्या घरात आल्यापासून तो लवकर धरायचा आणि उशिरा सोडायचा, पण घर थंड आहे असं दीनानाथराव कोणाला बोलू देत नसत. अलकाने उत्तरेच्या भिंतीवर खिळे मारून गोधडी टांगली होती, दारांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली होती. कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "तिची हौस." मी डायरीत माझ्या घराचं तापमान लिहायचेच. २००८च्या डिसेंबरात अलका फारच खोकू लागली तेव्हा तिच्या उशाशीही एक थर्मामीटर ठेवला आणि रोज सकाळी जाऊन त्याचाही आकडा लिहू लागले. सहा जानेवारीला बाहेर उणे सात होतं, तेव्हा त्या खोलीत चार अंश होते. अलका तेव्हा तिथं नव्हती. अठ्ठावीस डिसेंबरलाच तिला न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये नेलं होतं.

हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, घर किमान अठरा अंश राहत असेल तरच हिला घरी सोडू, नाहीतर नर्सिंग होम, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारा आश्रम. त्याच नर्सबाईंनी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करायला सांगितलं. गरज पटली तर भिंतींना बाहेरून उबदार आवरण बसवून देतात. सरकारच्या मोठ्या योजनेत या घरांना जागा नव्हती. ती योजना विटांच्या दुहेरी भिंतींच्या पोकळीत भरण करण्यासाठी होती आणि आमच्या भिंती विटांच्या नाहीतच. पण कौन्सिल आपल्या अधिकारात दरवर्षी तीन-चार घरं करून देत असे. त्यासाठी माणूस येऊन मोजून जाणार होता.

चौदा तारखेला दीनानाथराव पत्र हलवत माझ्याकडे आले.

"सुचेताबाई, उद्या येणाऱ्या साहेबाचं नाव काय माहितेय? कुश गुप्ते!"

"मराठी?"

"मग सांगतोय काय! आपल्यातला मुलगा."

"मग बरंच झालं की. सगळं नीट सांगता येईल."

"सांगायचं नंतर. आधी त्याला बसायला तरी धड जागा नको? आपला मुलगा पहिल्यांदा घरी येतोय, आणि त्याने कोट घालून चहा प्यायचा? त्याची आई काय म्हणेल?"

इथं मी थांबायला हवं होतं. मी बावीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, फॉर्म कसे भरायचे हे पार्कवरच्या निम्म्या लोकांना मी सांगते. पण पाहुणा येणार म्हटल्यावर माझेही हात आपोआप चालू लागले. अलकाची गोधडी खिळ्यांवरून काढून मी घडी केली. दारातली वर्तमानपत्रं ओढून काढली. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी होती, ती ब्लीच लावून बोटं सोलेपर्यंत घासली. माझे दोन्ही हीटर दीनानाथरावांनी उचलून नेले. पहाटे पाचपासून हीटर, गॅसची शेगडी आणि दार उघडं ठेवलेला ओव्हन असं सगळं चालू होतं. विजेची किटली मात्र लावायची नव्हती. दोन हीटर आणि किटली एकदम लावली की दारासमोरच्या खांबावरचं बटण खाली पडून घरातली वीज जायची. चहा गॅसवर केला. शिऱ्यात केळं घातलं.

आम्हाला काय हवं होतं, तर त्या मुलाने हे घर थंड आहे, ओलं आहे असं लिहावं. आणि आम्ही दोघं सहा तास राबून ते गरम आणि कोरडं करत होतो. आज लिहिताना हे उघड दिसतं. त्या दिवशी दोघांपैकी एकालाही दिसलं नाही.

कुश आला. उंच, दाढीवाला, दारातच बूट काढले.

"नमस्कार काका. नमस्कार आजी."

"अरे वा! मी काका आणि या आजी? सुचेताबाई, ऐकलंत?"

"सॉरी, माझा मराठी थोडी वीक आहे."

"वीक कसली! आमच्या मंजिरीपेक्षा बरी आहे. ती लीड्सला असते, फोनवर मला 'तू कशी आहेस बाबा' म्हणते."

कुश हसला. कोट काढला, थोड्या वेळाने स्वेटरही काढला. टेबलावर एक लहान यंत्र ठेवलं. "इथे खूप वॉर्म आहे. माझी ऑफिस पण असा वॉर्म नाही."

"बांधलंय कुणी?" दीनानाथरावांनी भिंतीवर थाप मारली. "सत्याहत्तर सालची. आमच्याच कारखान्यातली. तेव्हाच्या स्टँडर्डप्रमाणे एकूण एक खिळा."

कुश खोल्यांतून फिरला. कपाटामागे टॉर्च मारला, भिंत पांढरी होती. भिंतीच्या तळाशी त्याने दोन टोकांचं दुसरं एक यंत्र टेकवलं आणि म्हणाला, "खाली थोडा ओल दाखवते."

"काल लादी पुसली ना, तिचं पाणी," दीनानाथराव म्हणाले.

मग त्याने वही बंद केली आणि सरळ विचारलं. "काका, रोज असाच असते? ऑनेस्टली सांगा. मी जे मेजर करतो तेच लिहिणार. त्यात आपला, दुसऱ्याचा असं नाही."

"लिही की! वीस लिही. रोज असंच असतं."

कुशने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला? थंड नाही वाटत इथे?"

माझी पिशवी मांडीवर होती आणि पिशवीत डायरी होती. सहा जानेवारीचं पान उघडून त्याच्या पुढे धरायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण यजमानाच्या घरात, त्याच्या समोर, पाहुण्याला तो खोटं बोलतोय असं सांगायचं? मी म्हटलं, "आज तरी नाही."

तो हसला. मी त्याच्या बशीत आणखी शिरा वाढला.

तो गेल्यावर दीनानाथराव खुर्चीत टेकले. "हुशार मुलगा आहे. त्याला बघूनच कळलं असेल."

"काय कळलं असेल?"

"हेच, की घराला गरज आहे."

"कशावरून कळेल?"

मी ओव्हन, शेगडी आणि हीटर बंद केले. चार वाजता घरात अकरा अंश होते. गोधडी पुन्हा त्याच खिळ्यांवर टांगली.

सव्वीस तारखेला कौन्सिलचं पत्र आलं. घर उबदार, वीस अंश. बुरशी दिसली नाही. बांधणी त्या काळच्या नियमाप्रमाणे. सध्या कामाची गरज नाही. त्याची एक प्रत हॉस्पिटलला गेली होती, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंचा फोन आला. घराचा अहवाल चांगला आहे, अलकाला शुक्रवारी घरी सोडतो.

दीनानाथराव धापा टाकत माझ्या दारात. "सुचेताबाई, अलका येतेय!"

"आणि पत्र?"

"पत्राचं बघू मागाहून."

"तुमच्या घरात आज सकाळी नऊ होते."

"मला माहितेय."

"मग हॉस्पिटलला सांगा तसं."

"काय सांगू? मी खोटं बोललो म्हणून? मग तिला होममध्ये टाकतील. ती मला काय म्हणाली परवा? घरी न्या हो, इथल्या सूपला मोज्यांचा वास येतो. तिला होममध्ये पाठवू?" त्यांचा आवाज चढला होता. मग एकदम खाली आला. "तुम्ही नका सांगू हं. तुमच्या वहीत असतं सगळं. नका सांगू."

बुधवारी मी अलकाला भेटायला गेले. येता-जाता नर्सबाईंच्या टेबलाजवळूनच वाट होती. अलका केस विंचरून, वेणी घालून बसली होती, शुक्रवारपर्यंत ती सोडणार नाही म्हणाली. मी टेबलाजवळून दोनदा गेले. दोन्ही वेळा काही बोलले नाही.

शुक्रवारी तीस तारखेला अलका घरी आली. आल्या-आल्या गोधडीवरून हात फिरवला. मग शेजारच्या खिळ्याकडे बघून म्हणाली, "हिला कोणी काढलं होतं? भोक मोठं झालंय."

शनिवारी दुपारी, दोन्ही हीटर चालू असतानाही तिच्या खोलीत बारा अंश होते. बोलताना ती दर चार शब्दांनी थांबत होती. मी तिच्यासमोरच म्हटलं, "दीनानाथराव, हिला घेऊन माझ्याकडे चला. महिनाभर राहा."

"आणि लोक काय म्हणतील? मेस्त्र्याने शंभर घरं बांधली, आणि बायकोला ठेवायला दुसऱ्याचं घर?"

"कोण लोक हो?" अलका म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "समोरच्या गोऱ्या म्हातारीला आपलं नाव पण धड घेता येत नाही."

मी हसले, ती खोकली. ते उठून बाहेर गेले. घरी येऊन मी कुशच्या नंबरवर फोन केला. कोणी उचलला नाही, शनिवार होता. निरोपाच्या यंत्रावर मी डिसेंबरपासूनचे आकडे तारखांसह वाचून दाखवले, यंत्र मध्येच बंद पडलं तेव्हा पुन्हा फोन करून उरलेले वाचले. पंधरा तारखेला आम्ही काय केलं तेही सांगितलं.

रविवारी पूर्वेचा वारा सुटला आणि सोमवारी, दोन फेब्रुवारीला, सकाळी उठले तर पार्कवर गुडघ्याएवढं बर्फ. पायऱ्या दिसत नव्हत्या. नऊच्या सुमारास दार वाजलं. दीनानाथराव उघड्या डोक्याने उभे होते.

"गॅस संपला. सिलिंडरची गाडी येत नाही, रस्ता बंद आहे म्हणाले. बटण तीनदा वर केलं, तीनदा पडलं. सुचेताबाई, तिला आणू का तुमच्याकडे?"

खोलीत सहा अंश होते. अलका पलंगावर बसली होती, आडवं झालं की श्वास लागत होता. तिला चालवत नेणं शक्य नव्हतं. दीनानाथरावांनी एकदा खोलीभर पाहिलं, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन मिनिटांत कपाटाचं दार सोडवलं. त्याला पुढून दोरी बांधली, वर गोधडी अंथरली, तिला बसवलं. मी फावडं घेऊन पुढे, मागे ते दोरी ओढत. चाळीस पावलांना वीस मिनिटं लागली. मध्येच अलका म्हणाली, "लग्नात पण एवढा थाट नव्हता."

माझ्याकडे सतरा अंश होते. तिला खुर्चीत बसवलं, पायांखाली गरम पाण्याची पिशवी दिली. मी अँब्युलन्सला फोन केला. निघाली आहे म्हणाले, पण रस्ते बघता वेळ लागेल.

"अहो," अलका म्हणाली, "कोट काढा की आता. किती ऊब आहे इथं."

त्यांनी कोट काढला नाही. ते माझ्या भिंतीजवळ गेले आणि तळहात टेकवून उभे राहिले. मग खिडकीशी जाऊन चौकटीत दोन बोटं घालून भिंतीची जाडी पाहिली. बोटं पुरली नाहीत. त्यांनी वीत लावली.

"केवढी जाड आहे," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणाला उद्देशून नाही.

अँब्युलन्स अडीच वाजता आली. अलकाला नेताना ती मला म्हणाली, "माझी गोधडी बर्फाने भिजलीय हं. वाळत घाला."

कुश गुरुवारी आला, पाच तारखेला. रस्ते मोकळे व्हायला तेवढे दिवस गेले. मी त्याला घेऊन नऊ नंबरमध्ये गेले. आत पाच अंश होते. दीनानाथरावांनी अलकाच्या खोलीतली उत्तरेची भिंत उघडली होती. फळी चौकटीवरून नीट सोडवून बाजूला उभी केलेली, खिळे एका बशीत.

भिंत आतून रिकामी होती. दोन लाकडांच्या मध्ये बाहेरचा पत्रा दिसत होता, त्यावर पाण्याचे थेंब. काचेची लोकर तळाशी बसली होती. काळपट, ओला, गुडघ्याएवढा ढीग. वरच्या लाकडात दोन गंजक्या पिना होत्या आणि त्यांना पिवळ्या लोकरीची चिंधी लटकत होती. शेजारी पेन्सिलने काढलेला 'श्री', काल काढल्यासारखा.

कुशने वाकून आत टॉर्च मारला.

"वर दोन पिना, खाली दोन, असं असायचं," दीनानाथराव म्हणाले. मराठीतच, हळू, जसं लहान मुलाला समजवावं तसं. "फळ्यावरचा आकडा वाढला की आम्ही खालच्या सोडायचो. फळी ठोकली की दिसतंय कोणाला? इन्स्पेक्टर जाडी मोजायचा. इंचभर लिहिलं होतं, इंचभर होती. तीस वर्षांनी ती खाली बसेल हे कोणी विचारलं नाही. मी पण नाही." मग म्हणाले, "मी हे घर घेतलं तेव्हाच मला माहीत होतं, कुश. पहिल्याच हिवाळ्यात. हात लावला की कळतं."

मी कुशच्या हातात डायरी दिली. त्याने उभ्या-उभ्या पानं उलटली. माझं अक्षर सुवाच्य आहे, मराठी आकडे त्याला वाचता येत होते. पंधरा तारखेच्या पानावर तो थांबला.

"ही वही त्या दिवशी कुठे होता, आजी?"

"माझ्या पिशवीत."

"मी तुम्हाला विचारला होता."

"हो."

"मग का नाही सांगितला?" त्याचे डोळे भरले होते की राग होता, मला कळलं नाही. "माझ्या रिपोर्टवर त्यांनी काकूंना सोडली. माझी सही आहे त्याच्यावर."

मी त्याला विचारलं, आम्ही खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याने टाळाटाळ केली नाही, आणि त्यासाठी मी त्याचे आभार मानते. हिवाळ्यात आवरण बसवत नाहीत, म्हणाला, काम मेमध्येच झालं असतं. पण अलका तोपर्यंत उबदार जागी राहिली असती. नर्सिंग होममध्ये.

"मोज्यांचं सूप पीत," दीनानाथराव म्हणाले आणि खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच.

अलका अकरा फेब्रुवारीला, बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. मी तिथं नव्हते, दीनानाथराव होते. मंजिरी लीड्सहून दुपारी पोचली.

नंतरच्या दिवसांत मंजिरीने त्यांना लीड्सला चला म्हणून खूप सांगितलं. "बाबा, इकडे तू एकटी कसा राहणार?" ते प्रत्येक वेळी भाषा सुधारायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. वीस तारखेला कौन्सिलचं नवं पत्र आलं. दुसऱ्या पाहणीनंतर नऊ नंबर कामासाठी मंजूर, भिंती आणि जमीन दोन्ही, मे महिन्यात. कुशने खूप खटपट केली असणार. दीनानाथरावांनी पत्र वाचलं, नीट घडी केली आणि माझ्याकडे दिलं. "तुमच्या वहीत ठेवा. माझ्याकडे हरवेल." भिंत त्यांनी तशीच उघडी ठेवली होती. ओली लोकर तेवढी पिशवीत भरून टाकली होती. मी म्हटलं, मेपर्यंत माझ्याकडे झोपा, बैठकीत पलंग आहे. म्हणाले, "नको. मी बांधलंय, मी राहतो."

मंजिरी एकटीच परत गेली. बावीस तारखेला, रविवारी संध्याकाळी, दार वाजलं म्हणून उघडलं. पायरीवर माझे दोन्ही हीटर ठेवलेले होते. वायरी गुंडाळून सुतळीने बांधलेल्या, सावंतवाडीला खेळणी बांधतात तशी गाठ. दीनानाथराव फाटकाशी पोचले होते.

"अहो, हे काय? राहू देत की तुमच्याकडे!"

"आता एका माणसाला कशाला?" ते वळले नाहीत.

मी चप्पल घालून त्यांच्या मागे गेले. दारावर बराच वेळ हाका मारल्या. आतून म्हणाले, "सुचेताबाई, जा घरी. थंडी आहे."

रविवार, २२ फेब्रुवारी २००९. संध्याकाळी सहाला बाहेर पाच अंश. माझ्याकडे सतरा. मेस्त्रींकडे मोजता आलं नाही. अलकाची गोधडी पूर्ण वाळली. दोन्ही हीटर परत आले, ते पुसून पलंगाखाली ठेवले.